घरगुती यागी पावसात का मान टाकतो? या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे आकाशवाणी कोल्हापूर ऐकायचं तर रेडिओची दांडी ओढून भागत नाही. अंतर शंभर किलोमीटरच्या वर, त्यात मध्ये डोंगर. मग कुणीतरी ॲल्युमिनियमच्या नळ्या कापून कौलांवर यागी अँटेना, म्हणजे एका आडव्या दांड्यावर ओळीने नळ्या बसवलेला अँटेना, चढवतो. मे महिन्यात स्टेशन खणखणीत लागतं, मृगाचा पाऊस सुरू झाला की नुसती खरखर. लगेच मापांवर संशय येतो आणि चांगल्या नळ्या पुन्हा कापल्या जातात. मापं बहुधा ठीकच असतात. आधी केबलचा जोड उघडून बघा.

तरी मापांचं थोडक्यात सांगतो. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. कोल्हापूर १०२.७ वर आहे, म्हणजे २.९२ मीटर. तीन नळ्यांच्या यागीत मागची साधारण १४५ सेंटिमीटर, केबल जोडायची (हिलाच डायपोल म्हणतात) १३८ आणि पुढची १३०. इथे अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तरी कानाला कळणार नाही. मोबाइलच्या १८०० मेगाहर्ट्झला मात्र अर्धी लहरच आठ सेंटिमीटर भरते, तिथे दोन मिलिमीटरही महागात पडतात. माळ्यावरचा दूरदर्शनच्या काळातला अँटेना जसाच्या तसा चढवू नका. तो टीव्हीच्या चॅनेलच्या मापाचा असतो, एफएमला बसेलच असं नाही. त्याचे क्लॅम्प आणि नळ्या मात्र कामाला येतात.

जोडातलं पाणी

केबलची बाहेरची जाळी वातीसारखं पाणी ओढते. वरच्या जोडात शिरलेलं पाणी जाळीतून मीटरभर खाली उतरतं, तांबं काळं पडतं, आणि मग वरून कितीही टेप गुंडाळली तरी उपयोग नसतो. काळी पडलेली केबल चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापून टाका. जोडावर आधी स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, तिच्यावर साधी काळी टेप. टेप खालून वर गुंडाळत न्या, म्हणजे कौलांसारखे पदर पडतात आणि पाणी वरून ओघळून जातं. व्हिनेगरसारखा वास मारणारं सिलिकॉन तांब्याच्या जोडावर लावू नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. प्लास्टिकच्या डबीत जोड ठेवलात तर डबीच्या तळाला बारीक भोक हवंच. हवाबंद म्हणून ठेवलेल्या डबीतच आतल्या आत दव साचतं. केबल घरात घेण्याआधी खाली एक झोल सोडा, पाणी तिथून टपकेल, भिंतीत शिरणार नाही.

तांब्याची तार ॲल्युमिनियमच्या नळीला थेट आवळणं ही दुसरी नेहमीची चूक. ओल लागली की तिथे पांढरी भुकटी धरते आणि संपर्क तुटतो. मध्ये स्टीलचा वायसर घालावा, नटबोल्टही स्टेनलेस घ्यावेत.

मीटर काय सांगतो

केबल रेडिओपासून सोडवा आणि तिची मधली तार व जाळी यांना मल्टिमीटर ओहमवर ठेवून लावा. मधून तुटक, दोन तुकड्यांचा डायपोल असेल तर काटा हलायला नको. पाऊस पडत असताना काही किलोओहम दाखवले, तर जोडात पाणी आहे. वाकवलेल्या, बंद गोलासारख्या डायपोलला मात्र मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. तो शॉर्ट नव्हे, त्याची रचनाच तशी आहे. हे माहीत नसल्यामुळे कित्येकांनी चांगला अँटेना मोडीत काढला असेल. या डायपोलला केबल थेट जोडू नये, ३०० ते ७५ ओहमचा छोटा बालन, म्हणजे अँटेना आणि केबलचा मेळ घालणारा ट्रान्सफॉर्मर, मध्ये लागतो.

तुटक डायपोलचे दोन्ही तुकडे लोखंडी आडव्या दांड्याला टेकले, तर रेडिओपर्यंत काहीच पोहोचत नाही. आडवा दांडा चिव्याचा, म्हणजे बारीक बांबूचा असेल तर ही भीती नाही, पण चिवा भिजून वाकतो, म्हणून आधी वार्निश द्या.

केबल टीव्हीची आरजी-६ घ्या. बारीक केबल स्वस्त मिळते, पण वीस-पंचवीस मीटरमध्ये यागीची निम्मी कमाई ती खाऊन टाकते.

दिशेबद्दल लोक फार काथ्याकूट करतात. खानापुरातून कोल्हापूर उत्तरेकडे, थोडं पश्चिमेला आहे. तीन नळ्यांचा यागी इतका रुंद बघतो की दहा अंशांनी फारसं बिघडत नाही. फक्त होकायंत्र लोखंडी डांबाला चिकटवून धरू नका. आवाज अचानक गेला तर आधी वर बघा. वानरांनी यागी फिरवलेला असतो, नाहीतर एखादी नळी वाकवलेली असते.

डोंगराआड मोबाइलची रेंज वाढवायला बूस्टर लावायचा मोह होतो. परवानगीशिवाय तो बेकायदा आहे. ऐकण्यापुरत्या एफएमच्या अँटेनाला अशी अडचण नाही.

वळवाच्या दिवसांत ढग गडगडायला लागले की केबल रेडिओपासून काढून घराबाहेर टाका, आणि डांबाला जाड तारेने अर्थिंग द्या. डांब उभा करण्याआधी विजेच्या तारा कुठून जातात ते बघा. डांब कुठल्याही बाजूला आडवा झाला तरी तारांपर्यंत पोहोचता कामा नये. उंचीच्या दीडपट अंतर सोडा. तेवढी जागा नसेल तर डांब बुटका करा, चार स्टेशनं कमी लागली तरी चालतील.