ब्रिटनमध्ये रिडन्डन्सी आणि बेकारी भत्ता: अर्ज करताना या चुका टाळा

ब्रिटनमध्ये नोकरकपातीत, म्हणजे रिडन्डन्सीत, नोकरी गेली की खात्यात एकरकमी पैसे जमा होतात. ते पाहून बरेच जण ठरवून टाकतात, ‘एवढे पैसे मिळालेत, आता सरकार काही देणार नाही. हे संपले की बघू.’ या एका समजुतीपायी हक्काचा भत्ता हातचा जातो, आणि तोही घरात पगार येणं थांबलेलं असताना.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. इथे भत्ते दोन आहेत आणि दोघांचे नियम वेगळे आहेत. न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्स, म्हणजे जेएसए, तुमच्या पगारातून कापल्या गेलेल्या नॅशनल इन्शुरन्सवर, म्हणजे सरकारी विम्याच्या वर्गणीवर, मिळतो. तुमची बचत किती आहे, नवरा किंवा बायको किती कमावते, हे त्यात पाहिलंच जात नाही. 2025-26 मध्ये 25 वर्षं पूर्ण केलेल्यांना तो आठवड्याला कमाल 92.05 पौंड होता आणि जास्तीत जास्त 182 दिवस मिळतो. दुसरा भत्ता युनिव्हर्सल क्रेडिट. तो मात्र घरातली मिळकत आणि शिल्लक दोन्ही पाहून ठरतो. रिडन्डन्सीच्या पैशांचा खरा परिणाम होतो तो या दुसऱ्यावर.

पैसे संपेपर्यंत थांबणे

कायद्याने मिळणारी रिडन्डन्सीची रक्कम जेएसएच्या आड येत नाही. वीस हजार पौंड मिळाले असले तरी अर्ज करता येतो. थांबलात तर मधले आठवडे जातात. मागच्या तारखेपासून भत्ता मागता येतो, पण जास्तीत जास्त तीन महिन्यांचा, आणि उशिराचं सबळ कारण द्यावं लागतं. ‘पैसे होते म्हणून अर्ज केला नाही’ हे कारण टिकण्याची आशा धरू नका.

याहून मोठा धोका कॅलेंडरचा आहे. ज्या वर्षी अर्ज कराल, त्या वर्षाच्या जानेवारीआधी संपलेली दोन पूर्ण करवर्षं तपासली जातात. 2026 मधल्या अर्जासाठी 2023-24 आणि 2024-25. नोकरी जाऊन वर्ष-दोन वर्षं उलटल्यावर अर्ज केला, तर तपासणीत नेमकी बिनपगाराची वर्षं येतात आणि पात्रताच जाते. नुकतेच ब्रिटनमध्ये आलेल्यांचं गणित कधी कधी उलटं असतं. मागची वर्षं कोरी असल्याने डिसेंबरमध्ये नकार मिळतो आणि जानेवारीनंतर त्याच माणसाचा अर्ज मंजूर होऊ शकतो. आपला नॅशनल इन्शुरन्सचा तपशील सरकारच्या संकेतस्थळावर पाहता येतो. अर्जाआधी तो जरूर पाहा.

सगळी रक्कम एकच समजणे

माझ्या मते सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात. कंपनी एक आकडा सांगते, पण त्या आकड्यात चार-पाच वेगवेगळ्या रकमा असतात: कायद्याची रिडन्डन्सी, कंपनीने वरून दिलेली रक्कम, नोटीस न देता त्याबदल्यात दिलेला पगार, उरलेल्या रजेचे पैसे आणि शेवटचा पगार.

कायद्याची रिडन्डन्सी दोन वर्षं सलग नोकरी झालेल्यांना मिळते. वयाच्या 22 व्या वर्षाआधीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला अर्ध्या आठवड्याचा, 22 ते 40 या काळातल्या वर्षाला एका आठवड्याचा आणि 41 पासून पुढे दीड आठवड्याचा पगार. जास्तीत जास्त 20 वर्षंच धरली जातात आणि आठवड्याच्या पगारालाही मर्यादा असते, जी दर एप्रिलला बदलते. ही रक्कम तुम्ही स्वतः हिशोब करून काढू शकता आणि काढाच, म्हणजे कंपनीने वरून किती दिले ते कळतं.

जेएसएला अडवते ती नोटीसची रक्कम. बारा आठवड्यांची नोटीस देणं होतं, तुम्हाला आजच घरी पाठवलं आणि बारा आठवड्यांचा पगार हातात दिला, तर ते बारा आठवडे तुम्ही अजून कमावताय असं धरलं जातं. भत्ता त्यानंतर सुरू होतो. नोटीस कमी दिली असेल, तर कंपनीने कायद्यापेक्षा जास्त दिलेली रक्कमही त्या काळाच्या खाती मांडली जाऊ शकते. म्हणून कंपनीकडून प्रत्येक रकमेचं नाव आणि आकडा लेखी मागा. ‘सेटलमेंट, एकूण इतके’ एवढंच लिहिलेलं पत्र घेऊन जॉबसेंटरमध्ये, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयात, गेलात, तर निर्णय लांबतो किंवा चुकतो.

करातही हाच फरक असतो. रिडन्डन्सीच्या पहिल्या 30,000 पौंडांवर सहसा कर नसतो. नोटीसच्या आणि रजेच्या पैशांवर मात्र पगारासारखाच कर कापला जातो.

युनिव्हर्सल क्रेडिटसाठी फक्त स्वतःचं खातं मोजणे

इथे रिडन्डन्सीची रक्कम शिल्लक म्हणून धरली जाते. शिल्लक 6,000 पौंडांपर्यंत असेल तर फरक पडत नाही. त्यावरच्या प्रत्येक 250 पौंडांना, किंवा त्याच्या भागाला, महिना 4.35 पौंड मिळकत धरून भत्ता कमी होतो. 9,000 पौंड असतील तर महिन्याला 52.20 पौंड कापले जातील. शिल्लक 16,000 च्या वर गेली की भत्ताच नाही.

ही मर्यादा जोडप्याची मिळून असते. तुमचे 11,000 आणि जोडीदाराचे 7,000 असतील तर अर्ज नामंजूर होतो. भारतातली मुदत ठेव, म्युच्युअल फंड, भाड्याने दिलेला किंवा बंद ठेवलेला फ्लॅट हेही शिल्लकीत येतात. ‘तिकडचं इकडे कोण विचारतंय’ असं समजून ते लपवू नका. नंतर उघड झालं तर घेतलेले पैसे परत करावे लागतात आणि दंडही होऊ शकतो.

मर्यादेखाली येण्यासाठी पैसे भावाच्या किंवा आईवडिलांच्या नावावर वळवले, तरी ते अजून तुमच्याकडेच आहेत असं मानण्याचा अधिकार भत्ता देणाऱ्या सरकारी खात्याला आहे. कर्ज फेडणं किंवा घरासाठी रास्त खर्च करणं यात मात्र गैर काही नाही. पावत्या तेवढ्या जपून ठेवा.

अर्जाच्या तारखेकडे दुर्लक्ष

जेएसएचा अर्ज लगेच करावा. युनिव्हर्सल क्रेडिटला थोडी नजर ठेवावी लागते. त्याचा महिना अर्जाच्या दिवसापासून मोजला जातो आणि त्या महिन्यात आलेला शेवटचा पगार, नोटीसचे आणि रजेचे पैसे मिळकत म्हणून वजा होतात. पगार दोन दिवसांवर असेल तर तो जमा झाल्यावर अर्ज केलेला बरा. पण त्याहून लांबवू नका, कारण पहिला हप्ता यायला सुमारे पाच आठवडे लागतात. दोन्ही भत्ते एकदम मिळाले तर जेएसएची रक्कम युनिव्हर्सल क्रेडिटमधून पूर्ण वजा होते.

स्वेच्छेने रिडन्डन्सी घेतली तर ‘नोकरी सोडली’ असं लिहिणे

विनाकारण नोकरी सोडणाऱ्यांचा भत्ता काही आठवडे रोखला जातो. कंपनीत खरोखर कपात चालू होती आणि तुम्ही स्वतःहून नाव दिलंत, तर ते नोकरी सोडणं धरलं जात नाही. अर्जात ‘राजीनामा’ हा शब्द वापरू नका. रिडन्डन्सी असं स्पष्ट लिहा आणि कंपनीचं पत्र जोडा.

व्हिसा न पाहता अर्ज करणे

ज्यांच्या व्हिसावर सरकारी निधीची मनाई लिहिलेली आहे, त्यांनी युनिव्हर्सल क्रेडिट मागू नये. तो सरकारी निधी आहे आणि पुढच्या व्हिसाला त्याचा फटका बसू शकतो. रिडन्डन्सीची रक्कम कंपनीची असते, तिला ही मनाई लागू नाही. न्यू स्टाइल जेएसए वर्गणीवर आधारलेला असल्याने त्या निधीत मोडत नाही. स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर भत्त्याआधी मुदतीचा विचार करा. प्रायोजक कंपनीने नोकरी संपल्याचं कळवलं की व्हिसाची मुदत सहसा 60 दिवसांवर आणली जाते. अशा वेळी अर्ज भरण्याआधी इमिग्रेशन सल्लागाराला विचारणं मला अत्यावश्यक वाटतं.

निर्णय चुकीचा आला तर

नोटीसची रक्कम समजून रिडन्डन्सीच कापली, असे निर्णय येऊ शकतात. अशा वेळी फोनवर वाद घालत बसू नका. निर्णयाच्या तारखेपासून एक महिन्याच्या आत फेरविचाराची लेखी मागणी करा आणि कंपनीचं रकमांची फोड दाखवणारं पत्र सोबत द्या. तिथेही नकार आला तर स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं आणि त्यासाठी फी लागत नाही. सिटिझन्स अॅडव्हाइस ही संस्था या कागदपत्रांसाठी मोफत मदत करते.