ऊसबिलाची यादी रखडत होती, त्याचा उलगडा

एका साखर कारखान्याचं ऊसबिलाचं सॉफ्टवेअर आम्ही कोल्हापुरातून सांभाळतो; जावातली स्प्रिंग बूट ही चौकट, आणि डेटाबेसमधल्या नोंदी जावाच्या ऑब्जेक्टमध्ये आणायला हायबरनेट. गळीत हंगामात सभासदांची यादी उघडता उघडेना. एसक्यूएलचा लॉग, म्हणजे डेटाबेसकडे जाणाऱ्या क्वेरींची नोंद, चालू केला: यादीची एक क्वेरी, आणि मग प्रत्येक सभासदामागे त्याच्या उसाच्या खेपांची वेगळी.

सर्व्हिस थेट एंटिटी (डेटाबेसच्या तक्त्याशी जोडलेला ऑब्जेक्ट) कंट्रोलरकडे, म्हणजे ब्राउझरला उत्तर देणाऱ्या भागाकडे, देत होती. उत्तरासाठी जेसन बनवताना जॅक्सन ही लायब्ररी तिचे गेटर (आतली माहिती वाचून देणाऱ्या मेथड) बोलावते, आणि खेपांचा गेटर बोलावला की हायबरनेट त्या तेव्हा डेटाबेसमधून आणतं. स्प्रिंग बूटमध्ये ओपन-इन-व्ह्यू ही सेटिंग मुळातच चालू असल्यानं हायबरनेटचं सेशन, म्हणजे डेटाबेसशी चाललेला संवाद, तोवर उघडं राहतं आणि सगळं बिनबोभाट चालतं. ते बंद केलं, लगेच लेझी इनिशियलायझेशन एक्सेप्शन, म्हणजे सेशन मिटल्यावर खेपा मागितल्याची चूक! चोर सापडला.

"सगळं ईगर करून टाकूया की भावा," शेजारचा म्हणाला; म्हणजे सभासदासोबत खेपा कायम आधीच आणायच्या. नको रे बाबा, मग नको तिथंही खेपा लोड होणार.

सभासद क्रमांक, नाव, एकूण टन, देय रक्कम एवढंच असलेला डीटीओ, म्हणजे फक्त माहिती वाहून नेणारा ऑब्जेक्ट, केला. जावा 16 पासून रेकॉर्ड या आटोपशीर क्लासमुळं हे दोन ओळींचं काम. जेपीक्यूएल या क्वेरीच्या भाषेतल्या 'सिलेक्ट न्यू'नं बेरजेसकट तो एकाच क्वेरीत भरला. शिवाय बँक खात्याचा नंबर विनाकारण ब्राउझरपर्यंत जात होता, तो थांबला. मला हे वेगापेक्षा मोलाचं वाटतं. दुरुस्ती सेव्ह करताना मात्र एंटिटीच वापरतो, ट्रान्झॅक्शनच्या आत, म्हणजे सगळे बदल होतात नाहीतर एकही नाही.