उतारावरची लाकडी गाडी मागे पडतेय? या चुका टाळा

‘पाइनवुड डर्बी’ म्हणजे उतरत्या ट्रॅकवर छोट्या लाकडी गाड्यांची शर्यत. शर्यतीच्या आदल्या रात्री गाडीला रंगाचा तिसरा हात चालू असतो आणि चाकं अजून पुडीतच असतात. बहुतेक गाड्या इथेच हरतात. उतारावर दिसण्याला फारशी किंमत नाही. वजन कुठे ठेवलंय, चाकांचे आस असलेले खिळे किती गुळगुळीत आहेत आणि चाकांची तोंडं कुठे वळलीत, यावर निकाल लागतो. त्यातही क्रम सांभाळा: आधी खिळे, मग वजन, मग अलाइनमेंट आणि सगळ्यात शेवटी ग्राफाइट, म्हणजे घर्षण कमी करणारी काळी पूड. वजन हललं की अलाइनमेंट बिघडते, म्हणून क्रम उलटा धरला तर केलेली मेहनत पाण्यात.

हा खेळ अमेरिकेतला. 1953 साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच इथे डॉन मर्फी यांनी कब स्काउटच्या, म्हणजे बालवीर पथकाच्या पोरांसाठी तो सुरू केला. मोटर नाही, सेल नाही. 7 इंच लांबीचा ठोकळा, प्लास्टिकची चार चाकं, आस म्हणून चार खिळे आणि तयार गाडीचं वजन जास्तीत जास्त 5 औंस, म्हणजे जवळपास 142 ग्रॅम. घरी करणार असाल तर हेच माप धरा.

सागवानाचा मोह

मराठवाड्यात चांगलं लाकूड म्हटलं की सागवान. किनवटचं सागवान दार-चौकटीला उत्तम, इथे मात्र नको. 7 इंच लांब, पावणेदोन इंच रुंद आणि सव्वा इंच जाड ठोकळा सुमारे 250 घन सेंमी भरतो. सागवानात त्याचं वजन दीडशे ग्रॅमच्या पुढे जातं, म्हणजे चाकं लावायच्या आधीच गाडी बाद. कोरून कमी करता येतं, पण मग वजनासाठी भरायच्या शिशाला जागाच उरत नाही. बाभळीचं नाव काढू नका. वाळूजसारख्या एमआयडीसीच्या आसपास भंगारवाल्यांकडे पॅकिंगच्या पेट्यांची पाइनची फळी मिळू शकते. गाठ नसलेला, कोरडा तुकडा निवडा. खिळ्यांसाठीची भोकं हातातल्या ड्रिलने पाडू नका. सुतारकाकांकडे उभं ड्रिल असेल तर दोन मिनिटांचं काम आहे.

वजन मधोमध

वजन गाडीच्या पोटात मधोमध ठेवलं की गाडी दिसते समतोल, पण मार खाते. ट्रॅक आधी उतरता आणि मग सपाट असतो. वजन मागे असेल तर ते सुरुवातीला जास्त उंचीवर असतं, जास्त खाली येतं आणि तेवढीच जास्त ऊर्जा मिळते. गाडी फूटपट्टीच्या कडेवर आडवी तोलून बघा: तोल मागच्या आसाच्या पुढे साधारण अडीच सेंमीवर यायला हवा. याहून मागे गेलात तर पुढची चाकं हलकी होतात आणि गाडी थरथरते. चाकांचं बॅलन्सिंग करणाऱ्या टायरवाल्याकडे 5 आणि 10 ग्रॅमची चिकटवायची वजनं मिळतात. मासेमारीच्या जाळ्याच्या शिशापेक्षा ती सोयीची. शिसं वापरलंच तर पोरांना हाताळू देऊ नका. किचनच्या काट्यावर मात्र फार विसंबू नका, सोनाराकडे एकदा तोलून घ्या. ग्राफाइट आणि रंगासाठी एखादा ग्रॅम मोकळा ठेवा.

खिळा जसा आला तसा ठोकणे

मोबाइलचा टॉर्च लावून खिळ्याच्या डोक्याखाली बघा. तिथे धारदार कंगोरा असतो आणि दांडीवर, डोक्यापासून थोड्या अंतरावर, साच्याने धरल्याच्या आडव्या रेघा दिसतात. चाक नेमकं त्याच जागी घासतं. खिळा ड्रिलच्या चकमध्ये धरा, बारीक कानशीने कंगोरा काढा, मग ओला पॉलिश पेपर 400 पासून 2000 पर्यंत क्रमाने. दांडी बारीक करू नका. फक्त खरखर गेली पाहिजे. बोटाच्या नखाला काही लागेनासं झालं की थांबा.

‘सरळ’ म्हणजे काय

इथेच जास्त वेळ द्या. साधारण 120 सेंमी लांब, एकदम सपाट प्लायवुड घ्या. आडवी बाजू पाणसळीने तपासा, लांबीत थोडा उतार द्या आणि मधोमध रेघ मारा. शहाबादी फरशीवर हे जमत नाही, सांध्यांवर गाडी उडते.

आधी मागची चाकं बघा. गाडी पुढे ढकला, मग मागे. दोन्ही वेळा चाकं खिळ्याच्या डोक्याकडे सरकून तिथेच फिरली तर ठीक. एका दिशेला चाक लाकडाकडे येत असेल तर ते तिरकं बसलंय. खिळा किंचित वाकवलेला असेल तर तो थोडा फिरवा, म्हणजे चाकाची दिशा बदलते. चाक आणि लाकूड यांच्यात एटीएम कार्डाइतकी फट ठेवा.

आता पुढची चाकं. ट्रॅकच्या मधोमध गाडीला वाटेवर ठेवणारी उंच पट्टी असेल तर गाडी अगदी नाकासमोर चालवण्याचा हट्ट सोडा. अशी गाडी पट्टीला आलटून-पालटून दोन्हीकडे आदळते आणि प्रत्येक टोल्याला वेग गमावते. एक पुढचं चाक दीड मिलिमीटर उचला आणि दुसरं पट्टीकडे हलकं वळवा. डावं चाक जमिनीवर असेल तर गाडी उजवीकडे झुकायला हवी. 120 सेंमीत 5 ते 7 सेंमी झुकली तर पुरे. काही स्पर्धांमध्ये उचललेलं चाक आणि वाकवलेला खिळा चालत नाही, म्हणून नियम आधी वाचा. खिळा एका वेळी फक्त थोडासा फिरवा, आणि एकच. दोन खिळे एकदम फिरवले की कशामुळे काय झालं ते कळत नाही.

तेल, कॅरम पावडर वगैरे

शिलाई मशीनचं तेल कोरड्या हवेत धूळ धरतं आणि काही प्लास्टिकला मऊ करतं. कॅरमची पावडर कडेला सांडते, आत टिकत नाही. कोरडी ग्राफाइट पूड चाकाच्या भोकात भरून, चाक बराच वेळ फिरवून मुरवा. पेन्सिलच्या शिशात चिकणमाती असते, म्हणून तो जुगाड नको. ग्राफाइटचा चेहऱ्याजवळ फवारा करू नका.

गाडी काय सांगतेय

सुरुवातीला पुढे आणि शेवटी मागे पडत असेल तर घर्षण: ग्राफाइट संपलंय किंवा फट कमी आहे. उताराच्या खाली डुलत असेल तर वजन फार मागे आहे. दोन फेऱ्यांत वेळ वेगळी येत असेल तर एखादा खिळा सैल झालाय. त्याला फेव्हिक्विक लावताना थेंब चाकात उतरला तर चाक जागीच चिकटतं, म्हणून सुईच्या टोकाने खालूनच लावा आणि पूर्ण वाळू द्या. मे महिन्यात बंद मोटारीत गाडी ठेवून परभणीहून लातूरला निघालात तर हॉट ग्लूने चिकटवलेलं वजन सुटू शकतं. पोचल्यावर आधी तोल तपासा, मग परत प्लायवुडवर एक फेरी घ्या.