क्लास वन मेडिकल हातात येईपर्यंत फी भरू नका

आमचं घर पेडण्याला. जानेवारी २०२३ मध्ये मोपाहून विमानं उडायला लागली, पण माझ्या मनात वैमानिक व्हायचं त्याआधीच ठरलं होतं, ते सौदामिनी देशमुखांमुळे. नोव्हेंबर १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या फॉकर फ्रेंडशिपचं कलकत्ता-सिलचर उड्डाण फक्त महिलांनी केलं, त्याच्या कप्तान त्या होत्या. मराठी आडनावाची बाई डाव्या, म्हणजे कप्तानाच्या सीटवर! शाळेच्या वयात मला तेवढं पुरलं.

बारावीचं फिजिक्स-मॅथ्स, डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) पेपर, ७० टक्क्यांचं पासिंग, २०० तासांचं उड्डाण हे वैमानिक व्हायला निघालेल्या तुम्हाला ठाऊक असणारच. मी कुठे अडकले तेवढं सांगते.

वैमानिकाच्या वैद्यकीय तपासण्या दोन: शिकायला लागण्यापुरती क्लास टू, आणि कमर्शियल लायसन्ससाठी (पगारावर विमान उडवायच्या परवान्यासाठी) क्लास वन. माझं क्लास टू मेडिकल 'फिट' आलं. त्याच आठवड्यात एका फ्लाइंग स्कूलने "जागा संपत आल्यात" म्हटलं आणि आम्ही फीचा मोठा हप्ता भरून मोकळे झालो. त्यासाठी बाबांनी बागेचे कागद बँकेत ठेवले. क्लास वन सावकाश होईल, असं सगळेच म्हणत होते. ते झालं तेव्हा शेरा आला 'टेम्पररी अनफिट'. हिमोग्लोबिन ९.४, म्हणजे कमी.

यात गोम अशी आहे. क्लास टूवर स्टुडंट पायलट लायसन्स मिळतं, विमानात बसता येतं, तास जमायला लागतात. त्यामुळे मेडिकल झालं असंच वाटतं. पण कमर्शियल लायसन्स क्लास वनशिवाय मिळत नाही. शिवाय क्लास वनची पहिली तपासणी कुठल्याही डॉक्टरकडे होत नाही, हवाई दलाची ठरावीक केंद्रं आणि डीजीसीएच्या यादीतली मोजकी ठिकाणंच ती करतात. तारीख मिळेपर्यंत पैसे गेलेले असतात. माझ्या क्लास टूच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिनच्या आकड्यापुढे खूण होती. मी 'फिट' हा शब्द वाचला आणि कागद फाइलीत ठेवला. म्हणून सांगते, शेरा वाचून थांबू नका, आकडे वाचा. आधी क्लास वन, मग फी. फ्लाइंग स्कूल घाई करत असेल तर दुसरं बघा.

घाबरू नका, टेम्पररी म्हणजे टेम्पररीच. दोन दिवस मी रडले, मग डॉक्टरांकडे गेले. कारण निघालं पाळीतला जास्त रक्तस्राव, ज्याला आमच्याकडे "बायकांना असतंच" म्हणून सोडून देतात. मुलींनो, ते असतंच असं नाही, उपचार घ्या. लोहाच्या गोळ्या लिंबाच्या पाण्याबरोबर घेतल्या, जेवणासोबतचा चहा बंद केला कारण चहा लोह शोषू देत नाही, आणि आईने रोज तांबडी भाजी केली. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. फिट.

त्या तीन महिन्यांत मी सरला ठकराल पुन्हा वाचल्या. १९३६, लाहोर, वय २१, घरी चार वर्षांची मुलगी, आणि साडी नेसून जिप्सी मॉथ विमान उडवणारी ही बाई, एवढंच मला आधी पाठ होतं. पुढचं मी वाचलंच नव्हतं. १९३९ मध्ये त्यांचे वैमानिक पती अपघातात गेले, मग महायुद्धामुळे नागरी प्रशिक्षण थांबलं आणि कमर्शियल लायसन्स राहूनच गेलं. त्या चित्रकलेकडे वळल्या. प्रेम माथुरांना १९४७ मध्ये लायसन्स मिळालं, तरी बाई म्हणून अनेक कंपन्यांनी नाकारलं. शेवटी हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने घेतलं. १९४९ ची राष्ट्रीय हवाई शर्यत त्यांनी जिंकली. दुर्बा बॅनर्जी इंडियन एअरलाइन्समध्ये वैमानिक झाल्या तो १९६६ चा सुमार. मधली वर्षं किती गेली बघा. माझे तीन महिने त्यापुढे काहीच नव्हते, पण हप्ता भरताना ते आठवत नाही, हेही खरं.

मार्गदर्शकाबद्दल माझं ठाम मत आहे. पेपर पाठ करून घेणारे, आरटीआरची (रेडिओवर बोलायच्या परवान्याच्या परीक्षेची) वाक्यं घोकून घेणारे नकोत. कॉकपिटमध्ये रेडिओवर वेगळाच प्रश्न आला की पाठांतर उपयोगी पडत नाही. मला घडवलं ते एका रागीट इन्स्ट्रक्टरने. चूक झाली की ते विमान उतरल्यावर कागदावर वाऱ्याचा कोन काढायला लावायचे, बरोबर येईपर्यंत.

पावसाळ्याचे महिने आधीच हिशेबात धरा. ढग खाली आले की सराव बंद, पण खोलीचं भाडं आणि व्याज चालूच. मी जून ते सप्टेंबर नेव्हिगेशन आणि मेटिओरॉलॉजीला (हवामानशास्त्राला) दिले, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या कोरड्या सकाळी पुन्हा हेडसेट चढवला.