टस्कनीतली जुनी गावं आणि द्राक्षबागा बाइकवरून कशा पाहाव्यात

इटलीच्या टस्कनी प्रांतातली जुनी गावं टेकड्यांच्या माथ्यावर आहेत. मध्ययुगात फ्लोरेन्स आणि सिएना यांच्या सतत लढाया चालत, त्यामुळे शत्रू लांबून दिसावा म्हणून लोक उंचावर, तटबंदीच्या आत राहिले. आज त्याचा फायदा बाइकवाल्यांना होतो. जवळपास प्रत्येक गावाला जायला वळणावळणाचा चढ आहे आणि दोन गावांच्या मधल्या उतारांवर द्राक्षं आणि ऑलिव्ह.

अडचण एकच. रायडिंग आणि वाइन एका वेळी होत नाहीत. म्हणून सगळी सहल एका नियमावर आखा: दिवसा छोटं अंतर, दुपारी चारपर्यंत गाडी वेशीबाहेर लावलेली, किल्ली खोलीवर, आणि वाइन त्यानंतर. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर भरपूर झाले. त्याहून जास्त आखलंत तर गावं फक्त लांबूनच दिसतील.

१. हंगाम ठरवा

एप्रिलअखेर ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरची सुरुवात. सप्टेंबरात द्राक्षांची काढणी चालू असते, बागांत माणसं दिसतात आणि रस्त्यावर ट्रॅक्टर, त्यामुळे आंधळ्या वळणावर वेग कमी. ऑगस्ट टाळा. जॅकेट-हातमोजे घालून त्या उन्हात मजा येत नाही, आणि १५ ऑगस्टच्या सणाच्या आसपास अर्धा देश सुट्टीवर असतो. सिएनात २ जुलै आणि १६ ऑगस्टला पालिओ ही घोड्यांची शर्यत असते. ती पाहायची असेल तर खोली खूप आधी घ्या, नसेल तर त्या दिवसांत सिएनाकडे फिरकू नका.

२. कागदपत्रं

शेंगेन व्हिसा लागतोच. शिवाय आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्या. परिवहनच्या सारथी पोर्टलवर फॉर्म ४ए भरायचा, मुदत एक वर्षाची. तुमच्या मूळ लायसन्सवर गिअरच्या मोटारसायकलचा वर्ग, म्हणजे एमसीडब्ल्यूजी, आहे ना ते आधी बघा. प्रवासात दोन्ही परवाने जवळ हवेत.

विम्याकडे नीट लक्ष द्या. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, पण अशा बऱ्याच पॉलिसींमध्ये दुचाकी चालवताना झालेला अपघात वगळलेला असतो किंवा ठरावीक सीसीपर्यंतच चालतो. ती ओळ शोधून वाचा, आणि तुमच्या बाइकला विमा लागू होत नसेल तर जास्तीचं कव्हर घ्या.

३. बाइक भाड्याने घेताना

फ्लोरेन्समधून घेणं सोयीचं. मोठी अॅडव्हेंचर बाइक घ्यायचा मोह होतो, पण इथले रस्ते अरुंद, वळणं घट्ट आणि गावात शिरताना दगडी फरशी. मधल्या वजनाची बाइक पुरते. आधी विचारा: वयाची अट काय, पॅनियर (बाजूला लावायच्या सामानाच्या पेट्या) मिळतात का, आणि गाडी पडली तर तुमच्या खिशातून किती जाणार. या रकमेला तिथे 'फ्रांकिजिया' म्हणतात. ती क्रेडिट कार्डवर अडकवून ठेवतात, म्हणून कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं. हेल्मेट इथून न्यायचं असेल तर त्यावर ईसीई या युरोपीय सुरक्षा प्रमाणनाचं लेबल हवं. ताब्यात घेताना बाइकचा सगळीकडून व्हिडिओ काढा.

४. मार्ग आखा

फ्लोरेन्स ते सिएना हायवे आहे, तो विसरा. एसआर २२२ धरा. याला 'कियांतिजाना' म्हणतात, साधारण सत्तर किलोमीटर. ग्रेवे, पान्झानो, कास्तेल्लिना अशी गावं लागतात. ग्रेवेच्या तिकोनी चौकात कॉफी घ्या आणि पुढचा पान्झानोकडचा चढ सावकाश घ्या, कारण खाली दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या बागा हीच कियांती वाइनची मूळ भूमी. १७१६ मध्ये ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याने या भागाची सीमा फर्मानाने आखून दिली होती.

बाटल्यांवर आणि फलकांवर काळा कोंबडा दिसेल, ते इथल्या वाइनचं चिन्ह. त्याची दंतकथा याच रस्त्यावरची आहे. फ्लोरेन्स आणि सिएनाने हद्द ठरवायची म्हणून आपापला घोडेस्वार पाठवायचा ठरवलं, निघायचं ते कोंबडा आरवल्यावर. सिएनाने कोंबड्याला खाऊ घालून लाडावलं, तो झोपून राहिला. फ्लोरेन्सने काळ्या कोंबड्याला उपाशी ठेवलं, तो उजाडायच्या कितीतरी आधी ओरडला. दोन्ही स्वार भेटले ते कास्तेल्लिनाच्या पुढे, फोंतेरुतोलीला, सिएनाच्या पार जवळ. तिथे थांबून मागे वळून बघा, फ्लोरेन्सने किती मुलूख मारला ते रस्ताच सांगतो.

सिएनात दोन-तीन रात्री राहा. तिथून एक दिवस पश्चिमेला: मोंतेरिज्जोनी, वोल्तेर्रा, सान जिमिन्यानो आणि परत. मोंतेरिज्जोनी हा सिएनाने १३ व्या शतकाच्या सुरुवातीला फ्लोरेन्सवर नजर ठेवायला बांधलेला छोटा कोट, तासाभरात पाहून होतो. वोल्तेर्राचा घाट हा त्या दिवसातला रायडिंगचा सगळ्यात सुरेख भाग. सान जिमिन्यानो शेवटी ठेवा. एकेकाळी इथे ७२ मनोरे होते असं सांगतात. श्रीमंत घराणी एकमेकांवर कडी करायला ते उंच उंच बांधत. आज १४ उरलेत. दुपारी बसमधून आलेली गर्दी पाच-साडेपाचला ओसरते.

मग दक्षिणेला मोंताल्चिनो. १५५५ मध्ये सिएना शरण गेल्यावर तिथले काही लोक या गावात येऊन आणखी चार वर्षं तग धरून राहिले. तो किल्ला अजून आहे आणि त्यात वाइनचं दुकान आहे. इथे मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी सान क्विरिको, पिएंझा, मोंतेपुल्चानो. एसपी १४६ हा रस्ता जेमतेम पंचवीस किलोमीटरचा, पण वाल दोर्चा खोऱ्यातला, आणि हे खोरं २००४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. पिएंझा मात्र मध्ययुगीन नाही. पोप पायस दुसरा याने आपलं जन्मगाव १४५९ नंतर नव्याने बांधून घेतलं, त्यामुळे बाकीच्या गावांनंतर ते पाहिलं की फरक लगेच कळतो.

परतताना आशानोवरून एसपी ४३८ ने सिएनाला या. झाडं कमी, राखाडी मातीचे उघडे डोंगर आणि त्यांच्या धारेवरून जाणारा रस्ता. माझ्या मते संपूर्ण सहलीतला हा सर्वांत देखणा पट्टा आहे.

हाताशी एक दिवस जास्त असेल तर पिसाजवळच्या पोंतेदेराला जा. पिआजोची व्हेस्पा १९४६ पासून इथेच बनते, संग्रहालयही आहे. बजाजने १९६० च्या दशकात याच कंपनीच्या परवान्याने स्कूटर काढल्या, म्हणजे चेतकचं माहेर हेच.

५. रस्त्यावर

उजवीकडून चालवायचं. रहदारीत हे जमून जातं, कारण पुढची गाडी दिसते. चूक होते ती सकाळी रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल पंपावरून किंवा कच्च्या रस्त्यावरून बाहेर पडताना. टाकीवर उजवीकडे रोख दाखवणारा बाणाचा स्टिकर लावा. गोल चौकात उलट्या काट्याने फिरायचं आणि आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं.

गावात झेडटीएल हा शब्द पाठ करा. पांढऱ्या गोलाला लाल कडा असा फलक, शेजारी कॅमेरा. आत रहिवाशांच्याच गाड्या जाऊ शकतात. दुचाकीला कुठे सूट आहे, कुठे नाही. शंका आली की बाहेरच थांबा, कारण दंडाची चिठ्ठी भाड्याच्या कंपनीमार्फत कित्येक महिन्यांनी घरी येते. हॉटेल आत असेल तर गाडीचा नंबर त्यांना आधी कळवा. पार्किंगला पांढऱ्या रेषा म्हणजे फुकट, निळ्या म्हणजे पैसे भरून, पिवळ्या राखीव.

पेट्रोलला 'बेंझिना' म्हणतात, 'गाझोलिओ' म्हणजे डिझेल. खेड्यातले पंप दुपारी आणि रविवारी माणसाविना असतात, मशीनवर कार्ड किंवा नोटा चालतात. टाकी निम्मी झाली की भरा.

हॉटेलांची स्वयंपाकघरं दुपारी अडीचला बंद होतात ती संध्याकाळी साडेसात-आठलाच उघडतात. शाकाहारी असाल तर पिची अल्लाल्योने (लसूण-टोमॅटोतल्या जाड शेवया) आणि रिबोल्लिता (पाव, घेवडा, पालेभाजी) मागा. पेकोरिनो चीज मात्र बहुधा प्राणिज रेनेटचं (जनावराच्या जठरातून काढलेल्या, दूध घट्ट करणाऱ्या पदार्थाचं) असतं.

६. वाइन चाखणं

वाइनरीत सहसा आधी वेळ घ्यावी लागते. शक्यतो मुक्कामाच्या गावातच, पायी जाता येईल अशी निवडा. इटलीत रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम अल्कोहोलपर्यंत चालतं, लायसन्स तीन वर्षांहून नवं असेल तर शून्य. आपल्या कायद्याहून ही मर्यादा सैल आहे, पण घाटात तिच्या भरवशावर राहू नका. दिवसा चाखायचीच असेल तर तोंडात फिरवून थुंका. तिथे त्यासाठी भांडं ठेवलेलंच असतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

काय मागायचं? सान जिमिन्यानोत पांढरी वेर्नाच्चा, १९६६ मध्ये इटलीतला पहिला डीओसी (ठरावीक प्रदेशातल्या वाइनला मिळणारा सरकारी दर्जा) मिळालेल्या वाइनपैकी ती एक. मोंताल्चिनोत ब्रुनेल्लो, शंभर टक्के सांजोवेझे द्राक्षाची. काढणीनंतर पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीआधी ती बाजारात येत नाही. महाग वाटली तर रोस्सो दि मोंताल्चिनो घ्या, तेच द्राक्ष, वर्षभरात तयार. मोंतेपुल्चानोत वीनो नोबिले. दुकानात 'मोंतेपुल्चानो दाब्रुत्सो' दिसली तर ती निराळ्याच प्रांतातली, निराळ्या द्राक्षाची आहे.

बाटल्या शेवटच्या दिवशीच घ्या. उन्हात तापलेल्या पॅनियरमध्ये चांगली वाइन दोन दिवसांत बिघडते. भारतात परतताना माणशी दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. त्या चेक-इन बॅगेत, रायडिंग जॅकेटच्या बाह्यांत एकेक गुंडाळून.