साठीचं गणित पंचावन्नाव्या वर्षीच मांडा: युएईतल्या भारतीय शिक्षकांसाठी

मी शारजाच्या एका भारतीय शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते आणि साठी उलटल्यावरही शिकवते आहे. स्टाफरूममध्ये पन्नाशीतल्या मैत्रिणी विचारतात, "मॅडम, तुम्हाला एक्स्टेन्शन, म्हणजे साठीनंतरची मुदतवाढ, कशी मिळाली?" हे सगळं त्यांच्यासाठी लिहिते आहे.

महाराष्ट्रात अनुदानित शाळेत अठ्ठावन्न पूर्ण झाली की निवृत्ती. तारीख नोकरीला लागतानाच ठाऊक असते. इथे तसं नाही. बऱ्याच शाळा साठीला थांबवतात, पण गणित, फिजिक्ससारख्या विषयाला चांगलं माणूस मिळत नसलं की वर्षा-वर्षाने मुदत वाढवतात. वर्क परमिट शाळाच काढते, त्यामुळे तिची इच्छा हीच खरी अट. आणि नोकरी संपली की तिच्यावरचा व्हिसा, विमा, घराचा करार सगळंच आवरावं लागतं. म्हणून तयारी पाच वर्षं आधी हवी.

सगळ्यात आधी तुमचा व्हिसा कोणाच्या नावावर आहे ते बघा. आपल्यातल्या कितीतरी शिक्षिका नवऱ्याच्या व्हिसावर राहून शाळेत काम करतात. नवरा चार-पाच वर्षांनी मोठा, त्याची कंपनी त्याला साठीला निरोप देते. बाई तेव्हा पंचावन्न-छप्पन्नच्या असतात, शाळेला हव्या असतात, पण नवऱ्याचा व्हिसा रद्द झाला की त्यांचाही जातो. उपाय सोपा आहे, फक्त वेळेत करायला हवा: शाळेला सांगून व्हिसा स्वतःच्या नावावर घ्या, मग नवऱ्याला तुम्ही स्पॉन्सर करा, म्हणजे त्याचा व्हिसा तुमच्या व्हिसावर काढा. त्यासाठी पगार किमान ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहायची सोय लागते. बायकोच्या व्हिसावर राहण्यात कमीपणा मानणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. त्यांना मी स्पष्ट सांगते, संसार दोघांचा आहे.

एक्स्टेन्शनचं पत्र हिवाळी सुट्टीच्या आधी द्या. आपलं वर्ष एप्रिलला सुरू होतं, आणि पुढच्या वर्षी कुणाला कुठला वर्ग हे त्याच्या बरंच आधी ठरायला लागतं. पत्रात विनवणी नको. बोर्डाचे निकाल, कुठले वर्ग घेऊ शकता, नव्या शिक्षकांना तयार करायची तयारी, एवढं एका पानात लिहा. उत्तर लेखी मागा.

आता ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना शाळेने द्यायची एकरकमी रक्कम. इथे जरा थांबा, कारण बहुतेकजणी पगाराच्या आकड्यावर हिशेब करतात आणि तो चुकतो. सॅलरी स्लिप काढा आणि 'बेसिक', म्हणजे मूळ वेतन, बघा. घरभाडं, प्रवासभत्ता यात धरत नाहीत. पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचं बेसिक, पुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचं. समजा बेसिक ४,००० आणि नोकरी १८ वर्षं. पहिल्या पाच वर्षांचे १०५ दिवस म्हणजे १४,००० दिरहम, पुढच्या तेरा वर्षांचे ५२,०००, एकूण ६६,०००. ही रक्कम दोन वर्षांच्या वेतनापेक्षा जास्त होऊ शकत नाही आणि बिनपगारी रजा मोजली जात नाही. २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यात स्वतः राजीनामा दिला म्हणून कपात नाही, आणि करार संपल्यापासून १४ दिवसांत सगळी देणी मिळायला हवीत.

हिशेब शेवटच्या बेसिकवर होतो, हे लक्षात ठेवा. साठीनंतर शाळा म्हणाली, "अर्धवेळ या, पगार कमी," तर सही करण्याआधी मागच्या पूर्णवेळ वर्षांचा हिशेब कसा होणार ते लेखी घ्या. ही एक ओळ फार मोलाची आहे.

शिकवण्या घ्यायच्या असतील तर परमिट काढूनच घ्या. डिसेंबर २०२३ पासून खासगी शिकवणीसाठी मोफत परवाना मिळतो, मुदत दोन वर्षं. ऑनलाइन अर्ज करून आचारसंहितेवर सही करायची. शाळेत नोकरी करणाऱ्यांनाही तो मिळतो. पण त्यावर व्हिसा मिळत नाही, तो वेगळा लागतोच. पंचावन्ननंतरचा पाच वर्षांचा निवृत्ती व्हिसा आहे, मात्र त्याला दहा लाख दिरहमची मालमत्ता किंवा बचत, नाहीतर चांगलंच मोठं मासिक उत्पन्न लागतं. आपल्या पगारात फार थोड्यांना जमेल. दुबईत ऑक्टोबर २०२४ मध्ये खासगी शाळांतल्या उत्तम शिक्षकांसाठी दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा जाहीर झाला. दुबईत असाल आणि कामाची नोंद भक्कम असेल तर त्याची चौकशी जरूर करा, कारण तो नोकरीवर अवलंबून नसतो.

भारतातला आरोग्य विमा आत्ताच घ्या, इथे शाळेचा विमा असला तरी. साखर, रक्तदाब असे आधीचे आजार सांगून पॉलिसी घेतली तरी त्यांच्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. पंचावन्नला घेतलीत तर परत जाईपर्यंत ती मुदत उलटलेली असेल. साठीला, निरोपाच्या गडबडीत घेतलीत तर नेमक्या गरजेच्या वर्षांत कव्हर अपुरं राहील. या बाबतीत मी मैत्रिणींच्या अक्षरशः मागे लागते.

परतायचं ठरलं की इथलं कर्ज, क्रेडिट कार्ड, वीज-पाण्याचं शेवटचं बिल मिटवून प्रत्येकाचं काही बाकी नसल्याचं पत्र घ्या. भारतात गेल्यावर बँकेला कळवून एनआरई खातं (अनिवासी भारतीयांचं भारतातलं रुपयांतलं खातं) बदलून घ्यावं लागतं, आणि त्यावरचं व्याज मग करमुक्त राहत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजना अनिवासी भारतीयांना मिळत नाही; परतल्यावर, साठ पूर्ण असतील तर, तीस लाखांपर्यंत ठेवता येतात.

आणि शिकवणं थांबवायचं नसेल तर तिकडूनही ते होतं. इथले दुपारचे चार म्हणजे डोंबिवलीत साडेपाच. आखातातली मुलं शाळेतून घरी येऊन जेवून बसतात तीच वेळ. निघण्याआधी मुख्याध्यापकांच्या सहीचं, विषय आणि इयत्ता लिहिलेलं अनुभवपत्र घ्या आणि ते इथेच अटेस्ट, म्हणजे अधिकृतपणे प्रमाणित, करून घ्या. भारतात बसून ते काम करायला फार त्रास होतो.