इंग्रजी शब्द अर्थासकट कसा मुरवावा

माझ्या जुन्या वहीत ‘नोटोरियस’ या शब्दापुढे ‘प्रसिद्ध’ एवढंच लिहिलेलं होतं. सरांच्या निरोपाच्या भाषणात मी तो शब्द कौतुक म्हणून वापरला. खरा अर्थ कुप्रसिद्ध! सर काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. एका शब्दापुढे एक अर्थ लिहिणं मी तेव्हापासून सोडलं.

नवा शब्द भेटला की आधी तो ज्या वाक्यात आला ते अख्खं वाक्य उतरवून घ्या. मग शब्दकोशात दोन गोष्टी बघा: शब्द कौतुकाचा की नावं ठेवण्याचा, आणि त्याची ऊठबस कोणत्या शब्दांबरोबर आहे. ‘फ्रूगल’ आणि ‘स्टिंजी’ दोघंही पैसा जपतात, पण पहिला काटकसरी, दुसरा चिक्कू. ‘मिटिगेट’ म्हणजे तीव्रता कमी करणं. तो रिस्क, डॅमेज यांच्याबरोबर शोभतो. वस्तूची किंमत कमी केली तर तिथे तो चालत नाही. म्हणून जोडीच लिहून ठेवा.

शब्दांची मुळं शोधण्यात मी तासन्‌तास रमते. लॅटिनमध्ये ‘लोक्वी’ म्हणजे बोलणं. त्यातून ‘एलोक्वंट’, म्हणजे प्रभावी बोलणारा, ‘लोक्वेशस’, बडबड्या, ‘कलोक्विअल’, बोलीतला, ‘सलिलक्वी’, स्वगत. एक मूळ कळलं की चौघांची ओळख पटते. मात्र मुळावर डोळे झाकून विसंबू नका. ‘मेटिक्युलस’च्या मुळाशी भीती आहे, आजचा अर्थ मात्र काटेकोर. चुकायची धास्ती असलेला माणूस चारचारदा तपासतो, असं मी ते मनात बसवलं.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीलाच सर्वांत झपाट्याने विसरतं. त्यामुळे पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी करा; मग तीन, आठ, एकवीस दिवसांनी. उजळणीसाठी प्रत्येक शब्दाचं एक कार्ड करा: एका बाजूला वाक्य, त्यात शब्दाची जागा रिकामी; शब्द मागे. आठवायचा मनापासून प्रयत्न केल्याशिवाय कार्ड उलटू नका.

रोज पाच शब्द पुरेत. मी पंधरा घेतले होते, तर आठवड्यात उजळणी तुंबली.

शेवटी प्रत्येक शब्दाचं स्वतःचं एक वाक्य हवंच. माझ्या ‘नोटोरियस’च्या कार्डावर आता अपघातांसाठी बदनाम असलेलं एक वळण आहे.